नानांच्या सायकलीचा चिमटा

चिमटे तीन प्रकारचे असतात अशी माझी परवापरवापर्यंत समजूत होती. एक वाळत घातलेल्या कपड्यांना लावतात तो, दुसरा बायका केसांत खोवतात तो आणि तिसरा आमचा दादा फोनवर बोलता बोलता काढतो तो. चौथाही एक असतो आणि तो सायकलला असतो, हे मला नाना पडले त्या दिवशी कळलं.

नाना म्हणजे आमचे वडील. पंचाहत्तरी ओलांडली आहे. गुडघे असे की चार इमारती पलीकडे जायचं तर वाटेत दोनदा कुणाच्या तरी कठड्यावर बसतात. पण सायकलवर बसले की गुडघ्यांना आपलं वय आठवत नाही. सायकलही बेताचीच, लहान चाकांची. मधला दांडा इतका खाली की टांग मारावीच लागत नाही, नुसतं आत शिरायचं आणि बसायचं. दोन्ही पाय जमिनीला टेकतात. पूर्वी ती आई चालवायची. आई गेल्यावर नानांनी कुणाला न विचारता तीच सायकल चालवायला घेतली आणि आम्हीही कुणी काही बोललो नाही. तेव्हापासून बाजार, वाचनालय, मित्र, सगळं त्या दोन बुटक्या चाकांवर चालू होतं.

त्या सोमवारी कोपऱ्यावर कसलीशी वाहिनी टाकायला रस्ता खणला होता. बुजवताना खणणाऱ्यांना माती पुरली नसावी. पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि नाना शेजारच्या वाळूच्या ढिगावर जाऊन बसले. अक्षरशः बसले. कोपरसुद्धा खरचटलं नाही. मोडला तो चिमटा. म्हणजे पुढचं चाक ज्याच्या दोन लोखंडी पायांमध्ये धरलेलं असतं आणि जो वर हँडलपर्यंत जातो, तो. एक पाय मागे वाकला होता आणि सांध्याजवळ केसाएवढी चीर दिसत होती. मी विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो. केसाएवढ्या चिरेचं पुढे काय होतं ते मी पगार घेऊन वाचत आलो आहे.

ही बातमी दादाला कळवायची नाही असं आमचं एकमतानं ठरलं आणि संध्याकाळी दादाचा फोन आला.

“बास झालं आता,” तो म्हणाला. “माझ्याकडे अकराव्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे. लिफ्ट आहे, खाली बाग आहे, दवाखाना समोर आहे. शनिवारी येतो आणि रविवारी नानांना घेऊन जातो. तुझ्याच्यानं होत नाही यात तुझा काही दोष नाही.”

हा तिसऱ्या प्रकारचा चिमटा. वळ उठत नाही, पण रात्रभर दुखतं.

नानांनी माझ्या हातातून फोन घेतला. “ये तू,” ते शांतपणे म्हणाले. “रविवारी सकाळी मी सायकलवरून बाजारात जाऊन येतो. गेलो आणि आलो, तर इथंच राहणार. नाही जमलं, तर तुझ्याबरोबर येणार. कटकट करणार नाही.”

दादा लगेच कबूल झाला. सायकल मोडली आहे हे त्याला ठाऊक होतं. फोन ठेवून नाना आत गेले आणि त्यांनी कपाटातून प्रवासाची पिशवी काढली. दोन सदरे, चष्म्याची जादा जोडी, आईचा फोटो असं भरून ती पलंगाखाली सरकवली. मी दारातून बघत होतो. म्हटलं, “नाना, हे आत्ताच कशाला?”

“बोललोय तसं वागायला नको?” ते म्हणाले. “तयारी असलेली बरी.”

त्या पिशवीनं माझी झोप उडवली. अकराव्या मजल्यावर नानांचं काय होणार हे मला लख्ख दिसत होतं. लिफ्टनं खाली यायचं, बागेतल्या बाकावर बसायचं, लिफ्टनं वर जायचं. कुणाकडे जाणं नाही, कुणाशी भाव करणं नाही. माझ्यापुरतं बोलायचं तर, नाना नसलेलं घर मला नको होतं. हे त्यांना तोंडानं सांगायची आमच्या घरात पद्धत नाही, म्हणून मी चिमटा शोधायला निघालो.

पहिल्या दुकानात मालकानं सायकलकडे बघून विचारलं, “ही अजून चालते?” दुसऱ्या दुकानात फक्त बॅटरीवर चालणाऱ्या सायकली होत्या आणि विकणारा मुलगा मला हप्त्यांचं गणित समजावू लागला. तिसऱ्यानं मोठ्या चाकाच्या सायकलचा चिमटा काढून दाखवला. “हा लावतो ना. पुढून जरा उंच होईल एवढंच.” मी त्याला म्हटलं, पंचाहत्तरीच्या माणसाला मी उताणं बसवून बाजारात पाठवणार नाही. त्यावर तो म्हणाला, “मग या मापाचा चिमटा आता येत नाही.” तिथं मी तापलो आणि म्हणालो, “तो मी मिळवीन आणि बसवीनही.”

हे वाक्य मी घरी सांगायला नको होतं.

“अहो,” बायको म्हणाली, “तुम्ही नळाचा वायसर बदललात तेव्हा खालच्यांचं छत आपण रंगवून दिलं. हे तर वडिलांच्या जिवाचं काम आहे.”

“वडील माझे आहेत,” मी म्हणालो.

“म्हणूनच म्हणते.”

फोनवर फोन करून शेवटी एक जुन्या सुट्या भागांचा व्यापारी सापडला. दूरच्या गावचा, आवाजावरून दम्याचा. त्यानं विचारलं, “तुमचे आटे कसे आहेत?” नट फिरवायला नळीवर ज्या गोल गोल चऱ्या पाडलेल्या असतात त्यांना आटे म्हणतात हे मला माहीत होतं, पण त्यात बारीक-जाड असं काही असतं हे माहीत नव्हतं. मी फोन हातानं झाकून मोठ्यानं विचार केला, “माझे आटे कसे आहेत?”

“ढिले,” स्वयंपाकघरातून आवाज आला.

नाना वर्तमानपत्रामागे हसले. सोमवारपासून पहिल्यांदाच हसले, म्हणून मी तो अपमान पोटात घातला. आटे बारीक निघाले. व्यापाऱ्याकडे त्या मापाचा एकच चिमटा उरला होता. “नळी दोन बोटं लांब आहे,” तो म्हणाला. “कापून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.” दोन मिनिटांचं काम म्हणणाऱ्या माणसाला त्या कामाच्या वेळी हजर राहायची सक्ती हवी असं माझं मत आहे.

पार्सल शुक्रवारी आलं, म्हणजे पार्सल कार्यालयात आलं. घरी का आलं नाही याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. मी कचेरीतून अर्धी रजा टाकून तिथं पोचलो. खिडकीमागच्या बाईंनी खोक्यावरचा कागद वाचला. व्यापाऱ्यानं त्यावर फक्त ‘चिमटा, लोखंडी, एक’ असं लिहिलं होतं.

“घरगुती वस्तू तळमजल्यावर,” बाई म्हणाल्या.

तळमजल्यावरचे गृहस्थ डबा खात होते. त्यांनी डबा संपवला, झाकण लावलं, हात पुसले आणि खोक्याकडे बघून विचारलं, “एक कपड्याचा चिमटा मागवायला एवढं मोठं खोकं?”

“कपड्याचा नाही, सायकलचा.”

“सायकलला चिमटा कशाला लावता?”

मी समजावलं. हातवारे करून, दोन बोटांमध्ये त्यांच्याच डब्याचं झाकण उभं धरून समजावलं. ते म्हणाले, “मग हा वाहनाचा भाग झाला. वाहनांचे भाग वरच्या मजल्यावर.” वरच्या बाई म्हणाल्या की कागदावर वाहन असा शब्द नाही, तेव्हा वाहन म्हणून त्या देऊ शकत नाहीत. मी खाली गेलो. खालचे म्हणाले की खोकं उघडून दाखवा, घरगुती असेल तर देतो. उघडलं. दोन पाय आणि वर लांब नळी असा तो काळा चिमटा टेबलावर पडला. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

“हे घरगुती नाही,” ते म्हणाले.

“साहेब,” मी म्हणालो, आणि माझा आवाज चिरकला हे कबूल करतो, “हा आज मिळाला नाही तर रविवारी माझे वडील घरातून जातील.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काय समजले देव जाणे. म्हणाले, “घ्या. घरगुतीच आहे हे,” आणि शिक्का मारला.

शनिवारी सकाळी कामाला लागलो. दादा संध्याकाळी यायचा होता. खाली गाड्या ठेवायच्या जागेत मी हत्यारं मांडली तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. “सामाईक जागेत ठोकाठोक करायची तर कमिटीला आधी अर्ज द्यावा लागतो.” कमिटीची बैठक कधी, म्हणून विचारलं तर म्हणाले, मागच्या बैठकीचं इतिवृत्त मंजूर झालं की. मग सायकल उचलून दुसऱ्या मजल्यावर, आमच्या बाहेरच्या खोलीत. फरशीवर जुनी चादर अंथरली. नाना खुर्ची ओढून समोर बसले, शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर नातेवाईक बसतात तसे, फक्त आतच.

वरचा नट काढला, खालची वाटी सोडवली आणि जुना चिमटा खाली ओढला. वाटीत ज्या लोखंडी गोळ्या असतात, ज्यांच्यावर हँडल फिरतं, त्यांना छर्रे म्हणतात. छर्रे सुटे होते. ते एकदम बाहेर पडले, चादरीवरून घरंगळले आणि साऱ्या खोलीभर पांगले. काही कपाटाखाली गेले, काही फ्रीजकडे.

“किती होते?” बायकोनं विचारलं.

कुणी मोजलेच नव्हते. आम्ही तिघं गुडघ्यांवर रांगत छर्रे वेचू लागलो. नानांना रांगता येत नाही म्हणून ते खुर्चीवरून काठीनं दाखवत होते, “तो बघ, पायपुसण्याजवळ.” मी तिघं म्हणालो, कारण आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे लिफ्टवाले काका आले होते. यांची सारी नोकरी लिफ्ट तपासण्यात गेली. त्यांना कुठलंही यंत्र दिसलं की ते आधी त्याला कान लावतात. वेचलेले छर्रे आम्ही वाटीत मांडून पाहिले. वाटी भरल्यासारखी वाटली. “एखादा कमी असला तर चालतं,” काका म्हणाले. “लिफ्टमध्ये नाही चालत. पण ही सायकल आहे.”

नवा चिमटा घातला, चाक लावलं, हँडल फिरवलं. चाक मधल्या दांड्याला घासलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा घासलं. मी म्हणालो, व्यापाऱ्यानं चुकीचं माप दिलं. मी त्याला फोन लावला आणि दम्याच्या माणसाशी बोलू नये अशा भाषेत बोलायला सुरुवात केली. नाना खुर्चीवरून म्हणाले, “अरे, पाय पुढे वाकलेले असतात ना? तुझे मागे आहेत.”

चिमटा उलटा बसवला होता. मी फोनमध्ये “बाकी तब्येत कशी आहे” असं विचारून विषय संपवला. सगळं पुन्हा काढलं. छर्रे पुन्हा सांडले.

खरी परीक्षा पुढे होती. नळी दोन बोटं लांब, ती कापायची होती. मी खूण केली. काकांनी खूण तपासली आणि ती केसभर खाली घेतली. बायकोनं तपासली आणि म्हणाली, “अहो, जास्त कापलं तर परत वाढत नाही.” हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं, पण तिनं ते तोंडानं म्हटल्यावर मी खूण पुन्हा एकदा तपासली. गावात नव्हे, त्या व्यापाऱ्याच्या मते देशातच दुसरा चिमटा नव्हता. लोखंड कापायच्या करवतीनं मी सुरुवात केली. तो आवाज दातांतून डोक्यात जातो. नाना हात मांडीवर घट्ट धरून बसले होते. अर्ध्यावर करवतीचं पातं तुटलं. काकांनी त्यांचं आणलं. कापून झालं, तुकडा फरशीवर टणकन पडला, आणि नट बसवायला गेलो तर नट चढेना.

एक फेरा फिरायचा आणि अडकायचा. जोर दिला की वाकडा धरायचा.

“आटे मेले,” मी हळूच म्हणालो.

नाना उठले आणि आत पाणी प्यायला गेले. त्यांच्या पाठीकडे बघून मला माझा इतका राग आला की सांगता येत नाही. त्या तिसऱ्या दुकानदाराच्या तोंडावर ती शेखी मिरवली नसती तर सायकल आज दुसऱ्या कुणाच्या हातात असती.

लिफ्टवाल्या काकांनी नळीला कान लावला, नखानं टिचकी मारली. “आटे जिवंत आहेत,” ते म्हणाले. “कडा फाटलीय फक्त. कानस आणा.” कान लावून हे कसं कळलं ते मी विचारलं नाही. आशेला पुरावा मागू नये. कानशीनं कड घासली, तेल सोडलं, नट ठेवला, श्वास रोखून फिरवला. एक फेरा, दुसरा, आणि मग तो लोण्यातून गेल्यासारखा खाली गेला. मी दारातून हाक मारली, “नाना, बसला.” ते बाहेर आले. त्यांनी हँडलवरून हात फिरवला.

खाली नेऊन मी स्वतः चालवून पाहिली. माझे गुडघे हनुवटीला लागत होते तरी सायकल छान चालली, हँडल दोन्हीकडे सुरेख वळलं. उतरताना मात्र मला वाटलं की हँडल किंचित हललं. बहुतेक नाही, पण वाटलं. म्हणून मी नटाला अजून एक पाव फेरा दिला. मग पाना सीटखालच्या पिशवीत ठेवला, वेळ पडलीच तर असावा म्हणून, आणि सायकल जिन्याखाली लावली. हा जिना इमारतीतला प्रत्येक माणूस दिवसातून चार वेळा उतरतो, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही.

संध्याकाळी दादा आला. वाकून सायकलकडे बघितलं. “तू बसवलास?” म्हणाला. एवढंच. जेवताना तो अकराव्या मजल्यावरून दिसणाऱ्या सूर्यास्ताबद्दल बोलत राहिला आणि नाना “हो का, वा” म्हणत राहिले. पलंगाखालची पिशवी तशीच होती.

रविवारी सकाळी आम्ही सगळे फाटकापाशी उभे. दादा, मी, बायको, काका. फाटकापासून रस्ता सरळ जातो. दुसऱ्या कोपऱ्यावर उजवीकडे वळलं की बाजार. न वळता सरळ गेलं तर उतार लागतो आणि उताराच्या तळाशी मोठा रस्ता, जिथं सुट्टीच्या दिवशीही मालाच्या गाड्या थांबत नाहीत. नानांनी स्वच्छ सदरा घातला होता. ते सायकलमध्ये शिरले, बसले, आणि निघाले.

पहिल्या दहा पावलांतच काहीतरी बिनसलंय हे दिसलं. सायकल सरळ जाईना. डावीकडे झुकायची, मग नाना खांद्यानं जोर लावायचे, मग ती झटक्यानं उजवीकडे यायची. “सवय गेली असेल,” बायको म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. पहिला कोपरा गेला. दुसरा आला. नानांनी उजवा हात दाखवला, हात परत हँडलवर ठेवला, खांदा वळवला, मान वळवली. सायकल वळली नाही.

ती सरळ उताराकडे गेली.

मी धावलो. पायात चप्पल होती, ती दोन उड्यांत गेली. डोक्यात सगळं येत होतं, छर्रे, फाटलेली कड, पाव फेरा, आणि माझ्या टेबलावरच्या त्या फायली, ज्यांत सगळं ‘अर्जदाराचे वडील’ या शब्दांनी सुरू होतं. दादा माझ्या पुढे गेला. त्याला रक्तदाब आहे, डॉक्टरनं त्याला जिनासुद्धा चढू नको म्हणून सांगितलंय, आणि तो माझ्या पुढे गेला. “नाना, पाय टेका,” तो ओरडत होता. “ब्रेक सोडू नका, पाय टेका.”

उताराच्या शेवटी एक मालाची गाडी धाडधाड करत गेली. तिच्यामागे धुळीत काही दिसेना. धूळ खाली बसली तेव्हा मोठ्या रस्त्याच्या अलीकडे, अगदी अलीकडे, नाना दोन्ही पाय जमिनीला टेकून उभे होते. सायकल त्यांच्या मांड्यांमध्ये होती. ब्रेक हातात दाबलेला, तो अजून सोडला नव्हता.

आम्ही पोचलो. दादाला बोलता येईना, तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता. मागून बायको आणि काका आले. नानांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

“हँडल कुणी आवळलं?” त्यांनी विचारलं.

“मी,” मी म्हणालो. “पाव फेरा. काल, चालवून बघितल्यावर. पण पाव फेऱ्यानं एवढं होत नाही.”

बायकोनं पदर सारखा केला. “मी कचरा टाकायला उतरले तेव्हा पाना दिसला. म्हटलं, यांचं काम आहे, जरा बघावं. थोडंसंच फिरवलं.”

मी तिच्याकडे बघितलं. तिनं रस्त्याकडे बघितलं.

“रात्री मी कान लावला होता,” लिफ्टवाले काका म्हणाले. “आवाज मोकळा वाटला. म्हणून एक अर्धा फेरा.”

“अर्धा?” मी म्हणालो.

“लिफ्टमध्ये आम्ही नेहमी अर्धाच देतो.”

म्हणजे माझ्या कामावर कुणाचाच विश्वास नव्हता. उभ्या गल्लीत माझी ही पत. मी काहीतरी लागेल असं बोलणार होतो, तेवढ्यात दादा सरळ उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

“पहाटे वर्तमानपत्र आणायला गेलो ना,” तो म्हणाला, “तेव्हा. हात दुखेपर्यंत आवळला.”

मोठ्या रस्त्यावरून अजून एक गाडी गेली. मला वाटलं होतं दादाला सायकल मोडलेलीच हवी आहे. तसं मी चारचौघांत म्हटलंही असतं.

“तू कशाला?” नानांनी विचारलं. “मी नाही जाऊ शकलो तर तुझंच काम होत होतं.”

“मला तुम्हाला न्यायचंय, नाना,” दादा म्हणाला. “पाडून न्यायचं नाही.”

नानांनी ब्रेक सोडला. मग खाकरले. “आणि एक फेरा मीही दिलाय,” ते माझ्याकडे वळून म्हणाले. “काल दुपारी. तुम्ही सगळे झोपला होतात. आता तुझ्या हातचं काम म्हटल्यावर, बाबा रे.”

पाच माणसांनी, एकानं दुसऱ्याला न सांगता, एकाच माणसाच्या काळजीपोटी एकच नट आवळला होता. वरचा नट आवळताना खालची वाटीही पिळली जात होती, हे कुणाच्या गावी नव्हतं. सायकल मोडणार नव्हती, काही सुटणार नव्हतं. ती फक्त वळणार नव्हती.

नानांनी सीटखालच्या पिशवीतून पाना काढला. मी हात पुढे केला. त्यांनी तो दादाला दिला. दादा इस्त्रीच्या पँटीनिशी रस्त्यावर एक गुडघा टेकून बसला. नट सैल केला, मग मी खाली वाटी धरली आणि त्यानं वाटी सैल केली. नाना हँडल हलवून बघत होते.

“अजून,” ते म्हणाले. “अजून थोडं. घाबरू नका. आता परत घट्ट कर, पण बेतानं. हां. हललं नाही पाहिजे, पण मला वळता आलं पाहिजे.”

मग त्यांनी सायकल हातानं फिरवून चढाकडे तोंड केलं. “मागून येऊ नका,” म्हणाले, आणि निघाले.

आम्ही तिथंच उभे. नाना हळूहळू चढ चढले, कोपऱ्यावर हात दाखवला, आणि ते वळले. सहज, पाणी वळावं तसे. दिसेनासे झाले. मग वाट बघणं आलं. वेळ जात होता. बाजारात जाऊन यायला एवढा वेळ लागत नाही. दादा म्हणाला, “जाऊन बघू का?” मी म्हणालो, “नको.” दादाला नको म्हणायची ही माझी पहिलीच वेळ असावी. त्यानं ऐकलं.

नाना आले ते भलत्याच बाजूनं, आमच्या पाठीमागून. चेहरा घामानं चमकत होता. रिकामे हात, पुढच्या टोपलीतही काही नाही.

“बाजारात गेला होतात ना?” बायकोनं विचारलं.

नानांचा चेहरा एकदम उतरला. “अगं, नाही,” ते म्हणाले. “कोपऱ्यावर वळलं, म्हणून पुढच्या गल्लीत वळलो. तिथून वाचनालयाकडे वळलो, मग मागच्या मैदानाला फेरी मारली. वळत होतं ना, म्हणून वळतच गेलो. बाजार राहूनच गेला.” त्यांनी दादाकडे बघितलं. “मी बोललो होतो बाजारात जाऊन येईन. नाही गेलो. पिशवी भरलेली आहे. चल.”

त्यांना आत्ता पुन्हा बाजारात जाऊन येता आलं असतं. पण बोललेलं मोडायचं नाही, हा आमच्या घराण्याचा रोग आहे.

दादानं रुमालानं तोंड पुसलं, मान पुसली, रुमालाची घडी घातली.

“नाना,” तो म्हणाला, “आज बाजार बंद असतो.”

रविवारचा बाजार म्हणजे पाय ठेवायला जागा नसते. मी तसं सांगायला तोंड उघडलं आणि बायकोनं माझ्या अनवाणी पावलावर आपला पाय दिला.

“बंद असतो?” नानांनी विचारलं.

“हो. मग मोजायचं कसं? अट पुढच्या रविवारी. मी येईन बघायला.”

नानांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “ये.”

त्यानंतर दादा कितीतरी रविवारी येऊन गेला. अट अजून तशीच बाकी आहे, कारण तो येतो त्या दिवशी बाजार नेमका बंद असतो. संध्याकाळी परत जाताना तो वहिनीसाठी दोन पिशव्या ताजी भाजी घेऊन जातो. भाव नानांनी केलेला असतो.